शेजारच्या सीटचा ब्रेक

परीक्षेचा निकाल मास्तरांना कोणी सांगायची गरज पडली नाही. ते वरच्या मजल्यावर खिडकीत बसले होते आणि गाडी फाटकातून आत आली तेव्हा ती ताई चालवत होती. बाळ शेजारच्या सीटवर मांडीवर कागदांची पिशवी घेऊन बसला होता, दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसासारखा. पास झालेला माणूस परतीच्या वाटेवर गाडी दुसऱ्याच्या हातात देत नाही. जन्मभर लोकांना गाडी शिकवून मास्तरांना एवढं तरी नक्की कळत होतं.

"झाला ना हो?" मास्तरीणबाईंनी आतून विचारलं.

"नाही."

"पुन्हा? म्हणजे हे तिसऱ्यांदा की हो!"

"मोजता येतं मला."

मास्तरीणबाई हातातलं फडकं घेऊन तशाच पलंगावर टेकल्या. "त्या साहेबालाच काहीतरी खुपत असणार," त्या म्हणाल्या. "आमचा बाळ काय आज गाडी चालवतोय?"

त्यांचा बाळ त्रेचाळीस वर्षांचा होता. कानशिलांवर पांढरं चढलं होतं, वाचायला चष्मा लागत होता, आणि तरी घरात, गल्लीत, ड्रायव्हिंग स्कूलच्या फाटकाबाहेरच्या पानपट्टीवरसुद्धा तो बाळच होता. लाडाचं नाव वेळेवर उतरवलं नाही की ते अंगाला चिकटतं, आणि मग माणूसही त्याच मापाचा राहतो. हे मास्तरांना अलीकडे, रिकामं बसायची वेळ आल्यापासून, सारखं जाणवायला लागलं होतं.

रिकामं बसायची वेळ पाठीच्या ऑपरेशनने आणली. पाठ बरी झाली, पण उजवं पाऊल सांगितलेलं ऐकेनासं झालं. दाबायला तयार, उचलायला नाही. डॉक्टरांनी गाडी बंद केली, शिकवणंही बंद केलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या परवान्यावर शिकवणाऱ्या माणसाचं नाव लागतं, आणि मास्तरांचं नाव या महिन्याच्या अखेरीला उतरणार होतं. त्याच्या जागी बाळचं लागावं म्हणून ही शिक्षकाची परीक्षा. तीनदा बसू देतात. चौथ्यांदा बसायचं तर वर्षभर थांबा, असा नियम. वर्षभर फाटकाला कुलूप लागलं की शाळा संपलीच, हे सांगायला कोणी नको होतं. दोन गल्ल्या सोडून दुसरी शाळा होती, आणि तिच्याकडे तीन नव्याकोऱ्या गाड्या होत्या.

ताई जिना चढून आली ती थेट खिडकीपाशी. सेहेचाळीस वर्षांची, केस आखूड, हनुवटीवर जुना व्रण. शहर बसच्या आगारात ड्रायव्हर म्हणून लागली होती, आता तिथेच नव्या ड्रायव्हरांना तयार करायची. दोन दिवसांची रजा काढून ती भावाच्या परीक्षेसाठी आली होती.

"बाबा, एक विचारायचं होतं."

"आधी पाणी पी."

"प्यायले. जाताना गाडी बाळ चालवत होता आणि मी शेजारी होते." तिने आवाज खाली आणला. "माझा पाय दोनदा तुमच्या त्या पेडलवर गेला."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

"दोनदा, बाबा. एकदा सिग्नलला, एकदा बालवाडीच्या वळणावर. मी दाबला नसता तर आम्ही पुढच्या गाडीच्या डिकीत बसलो असतो. आणि त्याला पत्ता नाही! उलट मलाच सांगतो, बघ ताई, आपल्या गाडीचा ब्रेक कसा लोण्यासारखा आहे, नुसता पाय टेकवला की लागतो."

"जुनी गाडी आहे. हातातली, सवयीची."

"ब्रेक सवयीने लागत नाही."

"बाळ जेवला का काही?"

ताईने त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं. आगारात पोरं खोटं बोलतात तेव्हा ती अशीच बघत असणार, मास्तरांना वाटलं. मग ती म्हणाली, "जेवला नाही. चहा होऊ दे, मग सगळे खाली बसू. आईला काहीतरी बोलायचं आहे म्हणे."

खाली म्हणजे वर्गात. या घरातलं महत्त्वाचं बोलणं कायम खालच्या वर्गातच व्हायचं. ती रीत मास्तरांच्या वडिलांनी, आप्पांनी पाडली होती. आप्पा मूळचे लॉरीवाले. फळ्यावर काढल्याशिवाय त्यांना काही समजावता येत नसे, मग ते उजवं वळण असो की मुलीचं लग्न. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली तरी घरचे अजून त्याच बाकांवर बसून भांडायचे, समोर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि टेबलावर पोट कापून ठेवलेला गिअरबॉक्स.

वर्गाच्या मागच्या खिडकीतून अंगण दिसतं. अंगण कसलं, शिकाऊ लोकांच्या सरावाचं पटांगण. मधे पिवळी पिंपं, कडेला सिमेंटचा चढ, आणि चढाच्या पायथ्याशी कुंपणाची भिंत. त्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर चार विटा आत गेलेल्या आहेत. त्या मास्तरांनी घालवल्या, वयाच्या सोळाव्या वर्षी. आप्पांनी त्यांना चढाच्या मध्यावर गाडी थांबवायला लावली, स्वतः खाली उतरले, विडी पेटवली आणि म्हणाले, "आण वर." झालं, एवढंच शिकवणं. गाडी मागे घरंगळली, भिंतीवर आदळली, खांद्याचं हाड मोडलं. आप्पा धावत आले, पोराला उचललं, दवाखान्यात नेलं, रात्रभर उशाशी बसून राहिले. पण प्लास्टर निघाल्यावर पुन्हा त्याच चढावर नेलं आणि पुन्हा उतरले. त्यानंतर मास्तरांची गाडी कुठल्याही चढावर एक बोटभरसुद्धा मागे गेली नाही. आणि आप्पांनी त्या विटाही कधी नीट केल्या नाहीत.

मास्तरांना मात्र तो चढ पुढे कित्येक वर्षं स्वप्नात दिसायचा. बाळ झाला तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, माझ्या पोराला असली भीती माहीतसुद्धा होऊ देणार नाही. शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवून घेणारी या भागातली पहिली गाडी त्यांची. पेडलं जोडणाऱ्या सळ्या त्यांनी स्वतः वेल्डिंगवाल्याकडे उभं राहून वाकवून घेतल्या. ही पेडलं दाबली की चालवणाऱ्याच्या पायाखालची पेडलंही आपोआप खाली जातात. शिकणाऱ्याला वाटतं, आपणच दाबलं. चार-सहा दिवस असं चालतं, मग शिकवणारा पाय काढून घेतो. मास्तरांनी हजारो लोकांच्या बाबतीत तो काढून घेतला होता.

चहा घेऊन सूनबाई खाली आली. औषधांच्या दुकानात काम करायची, तिथली सुटी घेऊन घरी थांबली होती. बाळ पहिल्या बाकावर बसला होता. हसतमुख राहायचा त्याचा प्रयत्न चालला होता.

"साहेब विक्षिप्त होता," बाळ सांगत होता. "गाडी त्यांची, कचेरीची. ब्रेक दगडासारखा. त्या गाडीवर कोण पास होणार? आणि बोलणं तरी काय! चौकात गाडी जरा पुढे गेली, तर मला म्हणतो, तुम्ही कोणाची वाट बघता? मी म्हटलं, सिग्नलची. तर म्हणतो, नाही, सिग्नल तुम्हाला दिसला होता. तुम्ही कोणाची तरी वाट बघत होता."

"म्हणजे काय?" सूनबाईने विचारलं.

"मला काय माहीत? म्हणूनच म्हणतो, विक्षिप्त."

मास्तरांनी कप खाली ठेवला. तो बशीवर नीट बसला नाही. सूनबाईने तो हात लांबवून सरळ केला, आणि त्यांच्याकडे न बघता पुन्हा जागेवर जाऊन बसली.

"ते जाऊ दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या आज फळ्याखालच्या खुर्चीवर बसल्या होत्या, म्हणजे प्रस्ताव त्यांचा होता. "मी रात्रीपासून विचार करतेय. ताईकडे शिक्षकाचं सर्टिफिकेट आहे. आहे ना ग? मग परवान्यावर तिचं नाव लावायचं. नुसतं नाव. ती तिच्या नोकरीवर, इथलं सगळं बाळ बघेल. आता बघतोच की. तक्ते तो शिकवतो, फॉर्म तो भरतो, फोन तो घेतो. गाडीवर बसवायला एखादा पगारी माणूस ठेवू. कोणाला काय कळणार आहे?"

"आई, हे बरोबर नाही," ताई म्हणाली.

"काय बरोबर नाही? भावासाठी एक सही जड झाली?"

"सहीचं नाही ग. नाव माझं लागलं की जबाबदारी माझी. आणि बाळचं काय? तो कायम टेबलाशीच बसणार?"

"मला चालेल," बाळ म्हणाला. घाईघाईने म्हणाला. "मला खरंच चालेल, ताई. वर्षभराचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी बसतो की पुन्हा."

"मागच्या वर्षीही तू हेच म्हणालास."

"मागच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन होतं!"

"आणि त्याच्या मागच्या वर्षी?"

"तुला बोलायला काय जातं?" मास्तरीणबाईंचा आवाज चढला. "तू निघून गेलीस. घरात कोण राहिलं? यांना दवाखान्यात कोणी नेलं, बिलं कोणी भरली, रात्री उशाशी कोण बसलं? माझा बाळ. त्याला गाडीची एक परीक्षा जमली नाही तर लगेच फासावर द्यायचं?"

"मी निघून गेले नाही, आई. मला इथे जागाच नव्हती. बाबा म्हणाले होते, तुला कशाला गाडी, तुझा भाऊ आहे ना."

ते खरं होतं. मास्तरांनी मुलीला शिकवलं नव्हतं. आप्पांनी शिकवलं, तेही म्हातारपणी, दुपारी सगळे झोपले की, लॉरी दुरुस्तीच्या आवारात. दुसऱ्या ब्रेकची गाडी मास्तर बाहेर नेत, म्हणून जुना डबा घेऊन. त्या पोरीने किती पिंपं लोळवली, किती वेळा दिवे फोडले याचा हिशेबच नव्हता. हनुवटीवरचा व्रणही तेव्हाचाच, स्टिअरिंगचा. मास्तर तेव्हा आप्पांवर चिडले होते. आता मुलगी बारा मीटरची बस गर्दीच्या बाजारातून काढायची, आणि ज्याला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं तो समोर बसून म्हणत होता, मला चालेल.

"अहो, तुम्ही तरी बोला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सही करायला सांगा तिला."

सूनबाई मधेच बोलली. "आई, मला वाटतं ताई म्हणतात ते..." पण बाळने तिच्याकडे असं बघितलं की ती थांबली. आत्ता या क्षणी तरी माझ्या बाजूने राहा, एवढंच त्या नजरेत होतं. तिने मान खाली घातली. "म्हणजे, यांना ठीक वाटत असेल तर माझी हरकत नाही."

ताई उठून खिडकीपाशी गेली. पटांगणातल्या पिवळ्या पिंपांकडे बघत उभी राहिली. परत वळली तेव्हा तिचा चेहरा पडला होता, आणि मास्तरांनी ओळखलं की ती विरघळली. जन्मभर न मिळालेल्या घरात कोणी आपल्याकडे काहीतरी मागतंय, याला ती तरी कुठवर नाही म्हणणार?

"दे कागद," ती म्हणाली. "एक वर्ष. फक्त एक वर्ष."

बाळचा चेहरा असा उजळला की तो पाच वर्षांचा दिसायला लागला. त्याने पिशवीतून अर्ज काढला. तयार होता अर्ज. म्हणजे माय-लेकरांचं आधीच ठरलं होतं.

आता गप्प बसलं की झालं, मास्तरांच्या मनात आलं. सगळे खूश. शाळा चालू राहील. पोराचं तोंड उतरणार नाही. आपण दोन-चार वर्षांचे सोबती, नंतरचं नंतर. किती सोपं होतं. आजवर दर वेळी हेच इतकं सोपं होतं. चौक यायचा, बाळचा पाय उशीर करायचा, आपण अलगद दाबायचो. ओरडणं नाही, घाबरणं नाही, गाडी गुपचूप थांबायची. उद्या शिकेल, आज कशाला त्याला हादरवा. ते उद्या चोवीस वर्षं चाललं होतं.

"सही करू नकोस," मास्तर म्हणाले.

ताईच्या हातातलं पेन थांबलं.

"अहो!"

"तू थांब ग जरा. बाळ, इकडे बघ." बाळने मान वर केली. "तुला गाडी येत नाही."

बाळ हसला. "नापास झालो म्हणून का? बाबा, ती त्यांची गाडी..."

"त्यांच्या गाडीचा ब्रेक बरोबर होता. सगळ्या गाड्यांचे तसेच असतात. आपल्या गाडीचा हलका लागतो, कारण तुझ्यासोबत मीही दाबत होतो. तुझ्याआधी. दर वेळी."

"शिकत होतो तेव्हा ना? तेव्हा तर सगळ्यांचाच..."

"नंतरही. परवापरवापर्यंत. म्हणून तर तू कुठे निघालास की मला काहीतरी काम निघायचं. बँकेत जायचंय, चष्मेवाल्याकडे जायचंय. मला कुठे जायचं नसायचं. मी शेजारी बसायला यायचो."

बाळ अजून हसत होता, पण ते हसू आता नुसतंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं.

"साहेबांनी तुला बरोबर विचारलं," मास्तर म्हणाले. "तू वाट बघत होतास. माझ्या पायाची."

"लायसन्सच्या परीक्षेला?" बाळने विचारलं. "एकोणीस वर्षांचा होतो मी. साहेब मागच्या सीटवर होते. गेटपाशी ती बाई बाबागाडी घेऊन आडवी आली. मी करकचून दाबला. साहेब म्हणाले होते, शाब्बास, नजर चांगली आहे. तो तर मी दाबला होता ना?"

मास्तरांना खोटं बोलावंसं वाटलं. तेवढा एक ब्रेक त्याला देऊन टाकावा, असं फार वाटलं.

"नाही रे."

बाळने मान हलवली, जणू एखाद्या फॉर्ममधली चूक कोणी दाखवून दिली आणि ती त्याला पटली. मग तो बायकोकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

सूनबाईचे डोळे भरले होते. "मागच्या सीटवरून दिसतं," ती म्हणाली. "बाबांचा गुडघा हलताना."

"आपल्या लग्नाला अठरा वर्षं झाली."

"मला बरं वाटायचं हो. बाबा शेजारी आहेत म्हटल्यावर मला गाडीत झोप लागायची. मी स्वतःचा विचार केला, तुमचा नाही केला. कितीदा सांगावंसं वाटलं. पण तुम्ही इतके खुशीत चालवायचात."

"आई?"

"अरे, सगळं तुझ्या काळजीपोटी..." मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडायला लागल्या.

"मला आज कळलं," ताई म्हणाली. "तेही माझाच पाय गेला म्हणून."

बाळ उठला. तक्त्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यावरच्या सगळ्या खुणा त्याला पाठ होत्या, झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगितल्या असत्या. पाठ सगळ्यांकडे करूनच तो बोलला.

"मला फार काही येत नाही हे मला माहीत होतं. कॉलेज अर्धवट राहिलं. ते फोटोचं दुकान काढलं, तेही तुम्ही उधाऱ्या वसूल करत फिरलात म्हणून वर्षभर टिकलं. पण मला वाटायचं, गाडी येते. बाकी काही नाही आलं तरी चालेल, मास्तरांचा मुलगा आहे, गाडी चांगली चालवतो. तेवढी एकच गोष्ट होती, बाबा."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "मी तुला भीतीपासून वाचवायला गेलो. भीती माझी होती. ती मी तुझ्या शेजारी बसवली."

"आप्पांनी तुमच्यासाठी दाबला असता तर?"

"आप्पांच्या गाडीला दुसरा ब्रेक नव्हता."

"असता तर दाबला असता?"

मास्तरांनी प्लास्टर निघाल्यानंतरचा तो दिवस आठवला. चढावर उतरून उभे राहिलेले आप्पा, आणि त्यांच्या हातातली विडी, जी ओढायचं विसरून नुसतीच जळत होती. सोळाव्या वर्षी त्यांना ती दिसली होती, आणि त्याचा अर्थ कळायला बहात्तरावं वर्ष उजाडावं लागलं. आप्पाही घाबरले होते. फक्त ते आपल्या भीतीपायी परत गाडीत येऊन बसले नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "त्यांनी हात मागे बांधून घेतले असते."

बाळने गिअरबॉक्सच्या टेबलाखालचा खण ओढला, पान्यांचं गाठोडं काढलं आणि मागच्या दाराने पटांगणात गेला. ताई त्याच्या मागून निघाली, तशी त्याने वळून न बघताच हात वर केला. ती दारातच थांबली.

खिडकीतून दिसत होतं. बाळने शेजारच्या सीटचं दार उघडलं, सीट मागे सरकवली आणि डोकं खाली घालून, पाय बाहेर लोंबकळत ठेवून आत शिरला. दुसरी पेडलं काढायला निघाला होता तो. त्याने अशा कामाला कधी हात लावलेला नव्हता. गाडी बिघडली की मास्तर खाली जात, बाळ चहा घेऊन येई.

पाने जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग एक पाना लावून बघितल्याचा, मग दुसरा.

तेरा नंबर, मास्तर मनात म्हणाले. चारही बोल्ट तेराचे. आणि आतला आधी सोड, नाहीतर सळी हातावर येईल.

"सांगा ना हो त्याला," मास्तरीणबाई रडता रडता म्हणाल्या. "किती वेळ धडपडतोय."

मास्तरांनी तोंड उघडलं होतं. ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, ज्या खांद्याचं हाड मोडलं होतं त्याच, आणि त्यांनी तोंड मिटलं. सळी हातावर आली असावी. बाळ ओरडला, हात झटकत बाहेर आला, बोट तोंडात धरून उभा राहिला. सूनबाई उठली, दोन पावलं गेली आणि पुन्हा बसली. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. मास्तरांना एवढा लांब पाऊण तास आठवत नव्हता.

मग बाळ आत आला. हात काळे, एका बोटातून रक्त. दोन्ही पेडलं त्याने गिअरबॉक्सच्या शेजारी टेबलावर ठेवली. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. मधोमध मास्तरांच्या बुटाच्या मापाचा खड्डा पडला होता.

"ताई, तू सही करू नकोस," तो म्हणाला. "शाळा वर्षभर बंद राहिली तर राहील. मी दुसऱ्या शाळेत फी भरून शिकतो. तिथे मला कोणी ओळखत नाही."

"तिथे कशाला? मी रविवारी येत जाईन," ताई म्हणाली. "गाडीत नाही बसणार. बाहेर उभी राहीन."

"तिथेही जातो, तूही ये."

"बाळ," मास्तर म्हणाले, "मी खिडकीत बसलो तर..."

"नको, बाबा. आज तुम्ही वर जा."

त्याने रागाने म्हटलं असतं तर मास्तरांना सोपं गेलं असतं. तो साध्या आवाजात म्हणाला, एखाद्या शिकाऊ माणसाच्या घरच्यांना सांगतात तसा. मास्तर काठी टेकत जिना चढले. उजवं पाऊल प्रत्येक पायरीला अडत होतं. मास्तरीणबाई मागून हात द्यायला आल्या, तो त्यांनी घेतला नाही.

वरच्या खोलीत त्यांनी खिडकीकडे पाठ करून खुर्ची ठेवली. खाली गाडी सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. पहिला गिअर. गाडी पिंपांच्या रांगेकडे निघाली. वेग जास्त आहे, मास्तरांनी आवाजावरून ओळखलं. वळणापाशी दाबायला हवा. आता. आता दाब.

त्यांचं उजवं पाऊल फरशीवर घट्ट दाबलं गेलं होतं. खाली पिंप लोळल्याचा मोठा आवाज झाला आणि काच फुटली.

"अगं बाई! लागलं का त्याला? बघा ना हो!" मास्तरीणबाई खिडकीकडे धावल्या. मास्तर जागचे हलले नाहीत. त्यांना हलता येत नव्हतं, पाऊल फरशीवरून उचलत नव्हतं. "नाही, नाही लागलं," मास्तरीणबाई सांगायला लागल्या. "खाली उतरलाय. दिवा फुटलाय, तो बघतोय. ताई दारातच उभी आहे, जात नाही मेली. आता पिंप उभं करतोय. अहो, पुन्हा गाडीत बसतोय हो!"

मास्तर दोन्ही हातांनी आपला गुडघा धरून बसले होते. हा दिवा चोवीस वर्षांपूर्वी फुटायला हवा होता. तेव्हा पोरगा एकोणीसचा होता.